काढीव मुहूर्ताचा गुरुवार

"जुई, ये बाळा बाहेर," साडीच्या तोंडाशी उकिडवा बसून मी पुन्हा हाक मारली.

साडी म्हणजे कुंदाताईंनी दोन जुन्या सुती साड्या एकमेकींना शिवून केलेला बोगदा. दोन्ही तोंडं कुणीतरी धरून ठेवायची. मूल एकीकडून आत शिरणार, दुसरीकडे बसलेली त्याची आई त्याचं नाव घेणार आणि मूल खिदळत बाहेर येणार. आत डोकवायचं नाही, हात घालून ओढायचं नाही, नुसती हाक मारायची आणि थांबायचं, असा त्यांचा नियम होता. जुईच्या आधी सगळी पोरं अशीच बाहेर आली होती. एक पठ्ठ्या तर आईने तोंड उघडायच्या आतच येऊन तिच्या मांडीवर बसला होता.

खालच्या मजल्यावर लग्न होतं आणि दारात बेंजो वाजत होता. त्याच्या ठोक्यांनी वरची फरशीसुद्धा हादरत होती. एवढ्या दणदणाटात पोरीला काय कळणार, म्हणून मी आवाज चढवला. बाकीच्या आया हसायला लागल्या.

"जुईचे बाबा, ओरडू नका हो, घाबरेल ती," कुंदाताई म्हणाल्या. "हट्टी आहे जरा. येईल."

हट्टी आहे, हे मला पटलं. आमच्या घराण्यात तो गुण मुबलक आहे.

त्या वेळी मी भोसरीच्या एका गिअरच्या कारखान्यात तपासणी खात्यात होतो. तिकडे साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. बायको वैजयंती जवळच्या पतसंस्थेत कामाला, तिची सुट्टी रविवारी. त्यामुळे गुरुवार म्हणजे घरात मी आणि जुई, दोघंच. जुई दोन वर्षांची व्हायला आली होती आणि अजून एक शब्द बोलत नव्हती. 'आई' नाही, 'बाबा' नाही, पाण्याला 'मम' नाही. बाकी पोरगी चलाख. आमच्या तोंडाकडे टक लावून बघायची, आणि मी नुसती चप्पल घातली तरी दाराशी जाऊन उभी राहायची. नातेवाईक म्हणायचे, उशिरा बोलणारी मुलं पुढे कोणाचं ऐकत नाहीत एवढं बोलतात. मुलांचे डॉक्टर म्हणाले, घरात एकटी असते म्हणून होतं असं. चार मुलांत घाला. दोन वर्षांची झाल्यावरही बोलली नाही, तर मग तपासण्या करून घेऊ.

त्या 'तपासण्या' शब्दाने आमच्या घरात ठाण मांडलं. जेवताना वैजयंती मध्येच घास धरून बसायची आणि म्हणायची, "चार मुलं आणायची कुठून?"

आमच्या इमारतीत एक तर शाळेत जाणारी मुलं होती नाही तर निवृत्त माणसं. म्हणून मी इतक्या लहान पोरांचे वर्ग शोधायला लागलो. पहिला सापडला तो काचेच्या दारांचा. खाली गुबगुबीत रंगीत फरशी, भिंतीवर हत्ती-जिराफ, आणि एक बाई जुईशी इंग्रजीत बोलणाऱ्या. महिन्याची फी ऐकली आणि मी जुईचे काढलेले बूट तिच्या पायात परत घातले. दुसऱ्या ठिकाणी पोरांना टीव्हीसमोर बसवून त्यालाच वर्ग म्हणत होते. तो टीव्ही आमच्या घरातही होता, आणि फुकट होता.

शेवटी किराणावाल्याने कुंदाताईंचं नाव सांगितलं. कुंदाताई बालवाडीतून निवृत्त झालेल्या. मोशी रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयाचा वरचा हॉल त्यांनी दर गुरुवारी मागून घेतला होता. ज्या दिवशी लग्नाचा मुहूर्त नाही त्या दिवशी हॉल रिकामाच पडायचा, म्हणून मालकाने नाममात्र भाड्यात दिला होता. अट एकच, मुहूर्त असला की वर्ग बंद. आमच्या पोरांच्या सुट्ट्या पंचांगावरून ठरायच्या. फी आम्हाला झेपेल अशी होती. शिवाय कुंदाताई पोरांना खरंखुरं काहीतरी करायला द्यायच्या. कणकेचे गोळे, परातीत पाणी, राजमा आणि वाल वेगळे करणं, पत्र्याचे डबे बडवणं. जुई तिथे रमली. सगळ्या आयांमध्ये मी एकटाच बाप, त्यामुळे माझी थोडी थट्टा व्हायची, पण मला ते चालत होतं. जुई बोलायला लागली असती, तर मी तिथे फुगडीसुद्धा घातली असती.

त्या गुरुवारी पंचांगात मुहूर्त नव्हता. पण नवरा मुलगा लष्करात, त्याची रजा संपत आलेली. म्हणून भटजींनी काढीव मुहूर्त काढून दिला होता. दारातच कार्यालयाचे मॅनेजर शिवले यांनी कुंदाताईंना गाठलं. "ऐन वेळी ठरलं बघा. पण वर कोणी येत नाही. तुम्ही बिनघोर वर्ग घ्या."

आणि आता मी साडीच्या तोंडाशी बसून हाका मारत होतो.

शेवटी नियम मोडून मी साडी वर उचलली. आत जुई नव्हती.

साडीचं पलीकडचं तोंड अद्वैतच्या आईने धरलं होतं. एका हाताने. दुसऱ्या हाताने ती अद्वैतचं नाक पुसत होती. तिच्या मागे हॉलचं दार सताड उघडं होतं. वाढपी मघाशी वरच्या चटया न्यायला आले होते, ते दार तसंच टाकून गेले होते.

"अहो, इकडून नाही आली ती," अद्वैतची आई म्हणाली. मग तिने मागे दाराकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

मी जिन्याकडे धावलो. जिना रुंद आणि गुळगुळीत फरशीचा, मधल्या वळणावर कुणीतरी पाणी सांडलेलं. जुईला जिना उतरता यायचा. पाठमोरी होऊन, पोटावर सरकत. एकेक पायरी बघत मी खाली आलो. कुठे पडलेली दिसली नाही, याने हायसं वाटलं. आणि खाली पाय ठेवल्यावर ते हायसं वाटणं संपलं. पुढे दोन्हीकडची माणसं मिळून अख्खं लग्न उभं होतं.

पंगती उठत होत्या. नवरा संध्याकाळच्या गाडीने जाणार म्हणून सगळ्यांना घाई. एकीकडे हात धुणाऱ्यांची रांग, दुसरीकडे नवरीच्या बॅगा बाहेर चालल्या होत्या. सगळ्या बायका नटलेल्या, आणि निम्म्या बायकांच्या कडेवर पोरं. पिवळा फ्रॉक दिसला की मी धावायचो आणि जवळ गेल्यावर तो दुसऱ्याच कुणाचा निघायचा.

"पिवळ्या फ्रॉकची, केस कापलेली मुलगी पाहिली का? चालते, पण बोलत नाही," मी दिसेल त्याला विचारत सुटलो.

हात पुसत निघालेल्या एक काकू थांबल्या. "गालाला खळी पडती ती? अहो, ती जिन्यात बसली होती एकटीच. मीच उचलून खाली आणली. म्हटलं, कुणी तुडवायचं."

"मग कुठे आहे?"

"मुलाच्या आत्याकडे दिली की. त्यांच्याकडचीच असणार म्हटलं. आमच्याकडची सगळी पोरं मी ओळखते."

मुलाची आत्या स्टेजच्या पायरीवर बसून चपला शोधत होती. तिने मान डोलावली. "व्हय, होती ना माझ्याकडं. जिलबी चारली तिला. मग नवरीच्या मामीनं घेतली. मुलीकडचीच ना ती?"

"नाही हो. माझी आहे. आम्ही लग्नातले नाही."

"लग्नातले न्हाई म्हंजे?" तिने विचारलं. तिला हे समजावत बसायला मला वेळ नव्हता.

खरं सांगायचं तर त्या माणसांचं काहीच चुकलं नव्हतं. लग्नात रडत नसलेलं, हसरं पोर दिसलं तर कोण विचारतं, हे कुणाचं म्हणून? मुलाकडच्यांना ती मुलीकडची वाटली, मुलीकडच्यांना मुलाकडची. दोन्हीकडच्यांची ओळख त्या दिवशीच होत होती. जो तो नव्या पाहुण्यांचं पोर म्हणून तिचे लाड करत होता आणि पुढच्या हातात देत होता. आज हे सांगताना मला हसू येतं. त्या वेळी मी एकेकीच्या कडेवरचं पोर वाकून बघत होतो.

फोटोग्राफर कॅमेरा आवरत होता. काय सुचलं कुणास ठाऊक, मी त्याचा दंड धरला. "तुमच्या फोटोत आहे का बघा. पिवळा फ्रॉक."

तो भला माणूस होता. त्याने मागचे फोटो एकेक करून दाखवायला सुरुवात केली. आणि खरंच, जुई होती. नवरा-नवरीच्या मधोमध, एका बाईंच्या कडेवर, कपाळाला कुंकू, केसात कुणीतरी खोचलेला मोगरा, हातात जिलबीचं वेटोळं. मांडवातल्या कुठल्याही पोरापेक्षा ती जास्त घरची दिसत होती. पुढच्या फोटोत ती नव्हती.

"ही बाई कोण?"

"मुलाकडची. ओतूरची बस आहे ना, त्यातली. ती बस सुटतेय आता," तो म्हणाला.

मी वैजयंतीला फोन लावला. तो लावताना मला जेवढी भीती वाटली, तेवढी त्याआधी वाटली नव्हती. सगळं मी एका दमात सांगून टाकलं. तिने प्रश्न विचारला नाही, दोष दिला नाही. "मी येते," एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला.

तोवर कुंदाताई खाली आल्या होत्या. बाकीची पोरं आयांच्या हवाली करून त्यांनी शिवल्यांना पकडलं आणि माइक चालू करायला लावला. शिवल्यांनी सांगून पाहिलं, पण त्यांचं बोलणं कुणी मनावर घेईना, आहेराची नावं पुकारतायत असंच लोकांना वाटलं. मग मी माइक हातात घेतला.

"जुई," मी म्हणालो. माझा आवाज हॉलभर घुमला, बाहेरच्या कर्ण्यातूनही गेला. "जुई बाळा, बाबा इथे आहे. ज्यांच्याकडे पिवळ्या फ्रॉकची मुलगी आहे, त्यांनी कृपा करून थांबा. ती लग्नातली नाही. ती माझी मुलगी आहे."

हॉल गप्प झाला. आपापल्या आयांच्या कडेवरची पोरंसुद्धा माझ्याकडे वळून बघायला लागली. बायकांनी आपापली पोरं तपासून घेतली. पण कुणी हात वर केला नाही.

"बस," मी कुंदाताईंना म्हणालो आणि बाहेर पळालो.

बस गेटाच्या आत होती. इंजिन सुरू, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, पण गेटात बेंजोचा टेम्पो आडवा. नवरा पुन्हा सीमेवर जाणार म्हणून त्याचे दोस्त काही केल्या नाच थांबवत नव्हते. त्या दोस्तांचे उपकार मी जन्मभर मानेन. मी बसमध्ये चढलो, बाकांखाली वाकून पाहिलं, झोपलेल्या माणसांच्या मांड्यांवरून नजर फिरवली. जुई नव्हती. फोटोतल्या बाई मागच्या बाकावर होत्या.

"ती व्हय? तिचे डोळे मिटाय लागले होते," त्या म्हणाल्या. "आमच्या आजींच्या मांडीवर दिली. आजींना बस सोसत न्हाई, त्या जीपमधी हायेत. पुढं."

जीप टेम्पोच्या अगदी मागे अडकली होती. टेम्पोवर माणसाच्या उंचीचे कर्णे लावलेले, त्यांची तोंडं मागे, जीपकडे. जवळ जाताना माझ्या छातीत ठोके बसायला लागले आणि मी एक कान हाताने दाबला. जीपमध्ये नऊवारीतली एक आजी बसली होती, कानात कापसाचे बोळे घालून. शेजारी तिची दोन नातवंडं कानांवर हात ठेवून भोकाड पसरत होती. आणि आजीच्या मांडीवर जुई गाढ झोपली होती. तोंड थोडं उघडं, जिलबीचा पाक गालावर वाळलेला.

मी दारातून आत वाकून तिच्या पायाला हात लावला. पाय गरम होता. मग मी तिथेच जीपच्या फूटबोर्डावर बसलो.

टेम्पोवरचं गाणं संपलं. दुसरं सुरू व्हायच्या आधी आजीने कानातला बोळा काढला. "तुजी व्हय रं ही?"

"माझी, आजी."

"लई गुणाचं लेकरू. आमची ही दोन बघ, बोंबलून बोंबलून निळी पडली. हिनं एवढ्या गदारोळात पापणीसुदिक हलवली न्हाई. अशी झोप कुणाला लागती?"

मी पुन्हा आत वाकलो. जुईला उचललं. तसे तिने लगेच डोळे उघडले, मला पाहिलं आणि खळी पाडून हसली. मी तिला खांद्यावर घेऊन बाजूला झालो.

टेम्पो हलायच्या आधी नवऱ्याच्या दोस्तांनी गेटाशी फटाक्यांची लांब माळ सोडली. ती आमच्यापासून हाताच्या अंतरावर पेटली. मी दचकलो, माझ्या मागोमाग बाहेर आलेल्या कुंदाताई दोन पावलं मागे सरकल्या, बसच्या खिडक्यांमधून पोरांनी किंकाळ्या फोडल्या. जुई माझ्या खांद्यावर होती, तोंड दुसरीकडे. तिचं पोट माझ्या छातीला टेकलेलं होतं आणि ते आधीसारखंच संथपणे वर-खाली होत होतं. माळ संपेपर्यंत तिच्या अंगावर एकदाही शहारा आला नाही. बसच्या काचेवर चिकटवलेल्या नवरा-नवरीच्या नावांकडे ती रमून बघत होती.

माळ संपल्यावर सगळीकडे एकदम शांत झालं. तिच्या डोक्यामागून, कानापाशी तोंड नेऊन, मी म्हणालो, "जुई."

मग पुन्हा म्हणालो. मोठ्याने.

मान वळवून मी पाहिलं तर कुंदाताई माझ्याकडे बघत होत्या. त्यांनीही फटाक्यांच्या वेळी जुईकडेच पाहिलं असणार. इतक्या वर्षांत त्यांच्या हाताखालून किती मुलं गेली असतील. जवळ येऊन त्यांनी जुईच्या केसातला मोगरा नीट खोचला.

"दर गुरुवारी आणायची तिला," त्या म्हणाल्या. "तपासण्यांत काहीही निघो, आणायची."

मी मान हलवली. आत्ता काही क्षणांपूर्वी पोरगी सापडली म्हणून मी रडायच्या बेतात होतो, आणि आता रडायचं कशासाठी हे मला कळत नव्हतं. मघाशी अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात मी कुणाला हाका मारत होतो, एवढंच डोक्यात फिरत होतं.

टेम्पो गेला, जीप गेली. आजीने हात हलवला, जुईनेही हलवला. बस बाहेर पडली आणि ती गेल्यावर रस्त्यापलीकडे थांबलेली रिक्षा दिसली. त्यातून वैजयंती उतरत होती. पर्स रिक्षातच राहिली, रिक्षावाला तिला हाक मारत होता, पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं. गेटातून आत येताच तिने आम्हाला पाहिलं.

"जुई," ती ओरडली.

मांडवाची दोरी सोडणारा माणूस वळला. दाराशी उभे असलेले शिवले वळले. माझ्या खांद्यावरची जुई पाठमोरी होती आणि तशीच राहिली.

वैजयंती पळत येत होती. पुन्हा हाक मारत होती. ती अजून लांब होती. मी टाचेवर गर्रकन फिरलो आणि जुईचं तोंड तिच्याकडे केलं. आई दिसल्याबरोबर जुईने दोन्ही हात पुढे टाकले आणि सगळं अंग हलवत हसली.

वैजयंतीने तिला माझ्याकडून ओढून घेतलं, गालावरच्या पाकासकट तिचे मुके घेतले. ती एकाच वेळी रडत होती आणि हसत होती.

"पाहिलंत?" ती मला म्हणाली. "डॉक्टर काहीही म्हणू देत. एवढ्या लांबून हाक मारली, तरी आईचा आवाज कसा बरोबर ओळखला पोरीने."

"हो," मी म्हणालो.

त्या रात्री ती फार दिवसांनी पोटभर जेवली आणि शांत झोपली. मी जुईला फिरवलं होतं, हे मी तिला दुसऱ्या दिवशी सकाळी, डॉक्टरांकडे जाताना रिक्षात सांगितलं.